छोट्या ट्रॅक्टरचं ऑइल-पाणी: कुठं हात लावायचा, कुठं आवरायचा

छोट्या ट्रॅक्टरबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात मागच्या बाजूला एक तक्ता असतो. वरच्या रांगेत तास लिहिलेले: १०, ५०, १००, २००, ४००. डावीकडं नावं: इंजिन ऑइल, ट्रान्समिशन ऑइल, पुढच्या ॲक्सलचं ऑइल, डिझेल फिल्टर, एअर क्लीनर, कूलंट. मधल्या चौकटींत गोल, फुल्या आणि चांदण्या. गोल म्हणजे बदला, फुली म्हणजे तपासा, आणि चांदणीचा अर्थ तीन पानं पुढं बारीक अक्षरांत. बहुतेक मालक हा तक्ता एकदा बघतात, पुस्तक सीटखाली सरकवतात आणि पुढं दोनच गोष्टी नेमानं करतात. इंजिन ऑइल काळं दिसलं की बदलतात, आणि एअर फिल्टर आठवड्याला काढून टायरवर आपटतात.

यातली पहिली खूण फसवी आहे आणि दुसरी सवय सरळ नुकसानीची. उलट ज्या ऑइलवर गिअर, अवजार उचलणारी लिफ्ट आणि ब्रेक असं निम्मं यंत्र चालतं, त्यात वर्षानुवर्षं कोणी डोकावत नाही. तक्ता पाठ करायची गरज नाही. कुठला द्रव कशानं बिघडतो आणि घाण कुठून शिरते एवढं कळलं, की त्यातल्या गोल-फुल्या आपोआप वाचता येतात.

किलोमीटर नव्हे, तास

मोटारीचं वय किलोमीटरवर मोजतात, ट्रॅक्टरचं तासांवर. ट्रॅक्टर एका जागी उभा राहून पीटीओवर दिवसभर पंप ओढू शकतो. चाक फूटभरही सरकत नाही, इंजिन मात्र पूर्ण राबतं. (पीटीओ म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणारा, ट्रॅक्टरच्या मागं बाहेर आलेला फिरता दांडा.)

डॅशबोर्डवरचा अवरमीटर दोन जातींचा असतो. जुन्या ट्रॅक्टरांत तो इंजिनाच्या फेऱ्यांना जोडलेला असतो. इंजिन ठरलेल्या वेगानं फिरलं तर घड्याळाचा एक तास म्हणजे मीटरचाही एक तास, पण नुसतं हळू गुरगुरत ठेवलं तर तेवढ्याच वेळात मीटर जेमतेम तिसरा हिस्सा पुढं जातो. बऱ्याच नव्या ट्रॅक्टरांत मीटर विजेवर चालतो आणि सरळ वेळ मोजतो. म्हणून दोन ट्रॅक्टरांचे तास शेजारी मांडून कुठला जास्त झिजला हे ठरवताना जरा जपून.

तक्त्यातला ५० तासांचा रकाना बघून लोक चिडतात. नवा कोरा ट्रॅक्टर, आत्ता कुठं कामाला लागला आणि लगेच ऑइल-फिल्टर बदला? पण नव्या इंजिनातले आणि गिअरबॉक्समधले भाग कितीही गुळगुळीत केलेले असले तरी त्यांच्यावर सूक्ष्म कंगोरे राहतातच. पहिल्या काही तासांत ते एकमेकांवर घासून बसतात आणि झडलेला भुगा ऑइलात उतरतो. घर बांधून झालं की राहायला जाण्याआधी गवंड्यांचा कचरा झाडून काढतात, तसंच हे. या एका सर्व्हिसिंगला घासाघीस करू नये. त्यानंतर इंजिन ऑइलची पाळी मॉडेलप्रमाणे १०० ते २५० तासांनी येते. तुमच्या पुस्तकात जो आकडा आहे तोच तुमचा.

काळं झालं म्हणजे खराब झालं?

डिझेल इंजिनात ऑइल काही तासांतच काळं होतं. व्हायलाच हवं. डिझेल जळताना काजळी होते आणि थोडी पिस्टनच्या रिंगांवरून निसटून खाली ऑइलात येते. ती काजळी भिंतींवर थापली जाऊ नये, कण एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होऊ नयेत, ते ऑइलात तरंगत राहावेत यासाठी ऑइलमध्ये मुद्दाम रसायनं घातलेली असतात. मळका कपडा बुडवल्यावर साबणाचं पाणी काळं झालं म्हणून आपण साबणाला नावं ठेवत नाही. दोनशे तासांनंतरही ऑइल सोन्यासारखं स्वच्छ दिसत असेल, तर घाण गेली कुठं हा प्रश्न विचारायला हवा.

ऑइलचा गुळगुळीतपणा सहसा आधी संपत नाही. संपतात ती ही रसायनं. त्यातलं एक काम आम्ल मारण्याचं. डिझेलमध्ये थोडं गंधक असतं, ते जळून पाण्याशी मिसळलं की आम्ल तयार होतं आणि ते बेअरिंगचा धातू खातं. पाणी कुठून आलं असं वाटेल. एक लिटर डिझेल जळलं की अंदाजे एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडं खाली ऑइलापर्यंत पोचतं. इंजिन चांगलं तापलं तर तेही उडून जातं. दहा मिनिटं चालवून बंद केलं तर तिथंच थंड होऊन थेंब बनून राहतं.

इथंच एका नेहमीच्या हरकतीचं उत्तर मिळतं. "वर्षात साठच तास चालला, मग ऑइल कशाला बदलू?" म्हणून पुस्तकात "२०० तास किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं. कमी चाललेला ट्रॅक्टर बऱ्याचदा थोडा-थोडाच चाललेला असतो, आणि थोडा चालणं हेच ऑइलाला जास्त वाईट. दिवसभर नांगरणी करणाऱ्या ट्रॅक्टरचं ऑइल पाण्याच्या बाबतीत जास्त कोरडं असतं.

पट्टी वाचायला शिका, रंग नंतर

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल खाली निथळतं. डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) काढा, पुसा, पूर्ण आत घालून पुन्हा काढा. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर ऑइल वरपर्यंत फासलेलं असतं, तिच्यावर विश्वास नको.

पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्या पुढं "असू दे थोडं जास्त" म्हणून ओतलेलं ऑइल उपकार करत नाही. खाली फिरणारा क्रँक त्या ऑइलात बुडतो आणि रवीसारखं घुसळून त्याचा फेस करतो. फेसात हवा असते, आणि हवेचा थर दोन धातूंना वेगळं ठेवू शकत नाही.

पातळी खाली गेली तर सगळेच बघतात. ती न ओतता वर चढली तर मात्र कोणाच्या लक्षात येत नाही, आणि खरी धोक्याची खूण तीच. कुठूनतरी डिझेल किंवा रेडिएटरचं पाणी ऑइलात येतंय. पट्टीला नाक लावा: डिझेलचा वास आला, ऑइल बोटांवर पाण्यासारखं पातळ वाटलं, तर इंजिन चालवू नका. साय फेटल्यासारखं पांढरट, चॉकलेटी दिसलं तर पाणी आहे. ऑइल बदलून यातलं काहीच बरं होत नाही. आधी गळती शोधावी लागते.

डब्यावरची बाराखडी

डब्यावर १५डब्ल्यू-४० असं काहीतरी असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीतला: तो जितका लहान तितकं ऑइल गारठ्यात पातळ राहतं आणि सुरू करताच वरपर्यंत पोचतं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा, म्हणजे १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं त्याचा. दाट ऑइल म्हणजे जास्त चांगलं, ही समजूत जुन्या झिजलेल्या इंजिनांवरून आलेली आहे.

दुसरी ओळ एपीआयची (ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची): सीएच-४, सीआय-४, सीके-४ अशी. यातलं पहिलं अक्षर 'सी' म्हणजे डिझेल इंजिनासाठीचं ऑइल. 'एस'पासून सुरू होणारं पेट्रोल इंजिनाचं. पुढचं अक्षर जितकं वर्णमालेत पुढचं तितका दर्जा नवा. सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असलेल्या नव्या ट्रॅक्टरांना कमी राख सोडणारंच ऑइल लागतं, नाहीतर तो महागडा फिल्टर राखेनं बुजतो. बाकी डब्यावरच्या जाहिरातीच्या शब्दांकडं मी बघतही नाही. पुस्तकातला कोड डब्यावर आहे का, एवढंच.

फिल्टर फिरवताना

ऑइल कोमट असताना काढा. थंड ऑइल काजळी तळाशी ठेवून संथपणे निथळतं आणि कडक गरम ऑइल हात भाजतं. ड्रेन प्लगचा वॉशर नवा टाका. प्लग आधी चार आटे हातानं फिरवून बघा आणि मगच पाना लावा. तिरका बसलेला प्लग पान्याच्या जोरावर आत गेला तर आटे कायमचे गेले.

नव्या फिल्टरच्या रबरी गॅस्केटला ऑइलाचं बोट लावा. फिल्टर फिरवत न्या, गॅस्केट टेकलं की साधारण पाऊण फेरा आणखी, तोही हातानं. पान्यानं आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही.

एक गोष्ट मी स्वतः करून बसलोय म्हणून सांगतो. जुना फिल्टर निघाला, नवा बसवला, ऑइल भरलं, इंजिन सुरू केलं. तीन-चार सेकंदांत खाली काळा धबधबा. जुन्या फिल्टरचं गॅस्केट इंजिनालाच चिकटून राहिलं होतं आणि नवं त्याच्यावर बसलं होतं. दोन रबरं एकावर एक ठेवून दाबाखाली ऑइल थांबत नाही. तेव्हापासून जुना फिल्टर काढला की त्याच्या तोंडाकडं आधी बघतो: रबर तिथं आहे? मग पुढं.

फिल्टरच्या आत एक छोटा बायपास व्हॉल्व्ह असतो हे फारसं कोणाला माहीत नसतं. (काही इंजिनांत तो फिल्टरऐवजी इंजिनातच असतो.) फिल्टर चोंदला किंवा गारठ्यात ऑइल फार दाट झालं, तर हा व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढं जातं. इंजिन कोरडं राहण्यापेक्षा मळकं ऑइल परवडलं, असा तो हिशोब. याचा अर्थ चोंदलेला फिल्टर तक्रार करत नाही. दिवा लागत नाही, आवाज बदलत नाही, फक्त गाळणं बंद होतं. म्हणून "ऑइल बदललं, फिल्टर पुढच्या वेळी" हे गणित चालत नाही. आटे जुळतात म्हणून कुठलाही फिल्टर बसवणंही तसंच. आटे सारखे असून आतल्या व्हॉल्व्हचा दाब आणि गाळण्याची बारकाई वेगळी असू शकते.

एअर फिल्टर: हात आवरा

एक लिटरचं चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेत असेल तर ते मिनिटाला हजाराहून जास्त लिटर हवा ओढतं. तासाला साठ-सत्तर हजार लिटर. छोटा ट्रॅक्टर तीही जमिनीच्या जवळून, स्वतःच उडवलेल्या धुळीतून घेतो. मातीतल्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजे वाळूचे कण असतात आणि ते इंजिनाच्या ओतीव लोखंडापेक्षा कठीण असतात. ते ऑइलच्या थरात बसले की पिस्टनची प्रत्येक ये-जा पॉलिश पेपर घासल्यासारखी होते. ऑइल बदलायला महिनाभर उशीर झालेलं इंजिन बहुधा तग धरेल. धूळ खाल्लेलं इंजिन थोड्याच तासांत म्हातारं होतं: कंप्रेशन जातं, धूर येतो, ऑइल प्यायला लागतं.

मग फिल्टर रोज साफ करायला नको का? नको.

कोऱ्या फडक्यातून गढूळ पाणी ओता. पहिलं पाणी गढूळच खाली येतं. फडक्यावर गाळाचा पातळ थर बसला की मग पाणी निवळ यायला लागतं, कारण आता फडक्याबरोबर गाळही गाळतो. कागदी एअर फिल्टरचं अगदी हेच आहे. कोरा फिल्टर सगळ्यात कमी गाळतो. थोडा मळलेला जास्त चांगला गाळतो. फार मळला की हवाच अडते आणि तेव्हा तो काढायचा. दर आठवड्याला झटकून आपण त्याचा कामाचा थर घालवतो. शिवाय दर वेळी झाकण उघडताना चिमूटभर धूळ स्वच्छ बाजूला पडते, आणि ती कोण गाळणार? ती थेट इंजिनात.

कधी काढायचा हे सांगणारा इंडिकेटर बऱ्याच एअर क्लीनरवर असतो: छोटी नळी, हवा अडली की तिच्यात लाल पट्टी दिसते किंवा डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो नसेल तर पुस्तकातले तास, आणि खूप धुळीच्या कामात त्याहून लवकर. रोज करायचं काम वेगळंच आहे आणि ते दहा सेकंदांचं: एअर क्लीनरच्या तळाला लोंबणारी रबरी चोच बोटांनी दाबून उघडा. जड धूळ तिथं साचलेली असते, ती भसकन खाली पडते. चोचीचं तोंड खाली असायला हवं. झाकण उलटं बसवून चोच आभाळाकडं केलेले ट्रॅक्टर मी पाहिलेत. मग धूळ पडणार कशी?

कागदी फिल्टर साफ करायचाच असेल तर हवेचा दाब २ बारच्या आसपास, म्हणजे तीस पीएसआयपेक्षा जास्त नको, आणि फुंकर आतून बाहेर. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी रुतते. टायरवर आपटला तर कडेचं पत्र्याचं कडं वाकतं आणि रबर नीट टेकत नाही. फट सुताइतकी, पण तिच्यातून जाणारी हवा अजिबात गाळली जात नाही. साफ करून झालं की अंधाऱ्या जागी आत टॉर्च धरून बाहेरून बघा. टाचणीएवढा उजेड दिसला तरी फिल्टर फेकायचा.

बऱ्याच ट्रॅक्टरांत मोठ्या फिल्टरच्या पोटात एक बारीक फिल्टर असतो. तो राखीव पहारेकरी. तो धुवायचा नाही, फुंकायचा नाही, उगाच उपसायचाही नाही. ठरलेल्या तासांना बदलायचा. तो मळलेला निघाला तर समजा बाहेरचा फाटलाय.

आणि एक तपासणी, जी कुठल्याच तक्त्यात दिसत नाही पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एअर क्लीनरपासून इंजिनाकडं जाणारा रबरी पाइप सोडवा आणि आतून बोट फिरवा. बोट स्वच्छ निघायला हवं. पावडरीसारखी धूळ लागली, तर फिल्टर कितीही नवा असो, हवा कुठूनतरी आडवाटेनं जातेय: सैल क्लिप, चिरलेला पाइप, वाकलेलं कडं. पाइपच्या आत धुळीची बारीक रेघ दिसली तर ती बहुतेक वेळा थेट त्या फटीकडंच बोट दाखवते.

काही ट्रॅक्टरांत कागदाऐवजी ऑइलचा एअर क्लीनर असतो. त्यात हवा खालच्या वाटीतल्या ऑइलावरून जाते आणि धूळ तिथं चिकटते. वाटीत खुणेपर्यंतच ऑइल भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि डिझेलसारखं जाळायला लागतं; अशा वेळी वेग आपोआप चढत जातो आणि चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही. वाटीत तळाशी चिखल जमला की ऑइल बदलायचं. आधी तास मोजत बसू नका.

मागचं ऑइल: एका टाकीवर चार नळ

आता त्या ऑइलाकडं, ज्याला कोणी विचारत नाही. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांत सीटखालचा सगळा लोखंडी भाग म्हणजे एक मोठी टाकी असते. तिच्यातलं एकच ऑइल गिअर आणि डिफरन्शियलला वंगण देतं, हायड्रोलिक पंपाला दाब देतं म्हणून लिफ्ट उचलते, आणि ऑइलात बुडालेल्या ब्रेकच्या चकत्या थंड ठेवतं. पॉवर स्टिअरिंगही अनेकदा त्याच्यावरच. ज्या ट्रॅक्टरांत क्लच न दाबता नुसत्या पेडलनं पुढं-मागं जाता येतं, त्या हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरांत तर चाकांपर्यंत ताकद पोचते तीसुद्धा याच ऑइलातून.

या कामांच्या मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. गिअरला निसरडं ऑइल हवं, ब्रेकच्या चकत्यांना पकड हवी. हायड्रोलिक पंपाला पातळ हवं, गिअरच्या दातांना चिवट हवं. हे सगळं तोलून बनवलेल्या ऑइलाला यूटीटीओ म्हणतात. डब्यावर हीच अक्षरं किंवा 'ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल' असं असतं. त्याच्या जागी साधं हायड्रोलिक ऑइल किंवा ट्रकचं गिअर ऑइल टाकलं तर ट्रॅक्टर चालेल. आठवडाभर काही कळणारही नाही. मग ब्रेक दाबताना किरकिर, हिसके. आणि गिअर ऑइलातली काही गंधकी रसायनं तापल्यावर आतल्या पितळी, तांब्याच्या भागांना खायला लागतात.

या टाकीचा मुख्य शत्रू पाणी. ट्रॅक्टर दिवसा तापतो, रात्री थंड होतो. टाकी त्याबरोबर श्वास घेते आणि प्रत्येक श्वासाबरोबर दमट हवा आत येते. गिअरच्या दांड्याचं फाटलेलं रबर, पावसात उघडा राहिलेला ट्रॅक्टर, प्रेशरनं धुताना ब्रीदरवर (टाकीत हवा ये-जा करते त्या तोंडावर) मारलेला पाण्याचा फवारा, चिखल पुसून न घेता जोडलेले हायड्रोलिकच्या पाइपांचे कपलर ही आणखी दारं. ऑइल दुधाळ दिसायला लागलं म्हणजे पाणी मिसळलं. असं ऑइल पंपाला आणि बेअरिंगला वंगण देत नाही, गंज मात्र देतं.

"पण इंजिनात तीन-चार लिटर ऑइल लागतं आणि मागं वीस-पंचवीस. चालतंय तर कशाला ओतायचं?" ही हरकत मला पटते, म्हणूनच उत्तर दोन भागांत. ऑइल जास्त आहे म्हणून ते सावकाश बिघडतं. त्याची पाळी इंजिन ऑइलाच्या मानानं लांबची असते. पण याच टाकीवर जो फिल्टर आहे त्याची पाळी लवकर येते आणि तो बदलायला सगळं ऑइल सहसा काढावं लागत नाही. दोन्ही एकत्र जोडून दोन्ही टाळले जातात, घोटाळा तिथं आहे. हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरमध्ये तर फिल्टरला उशीर करूच नये. त्याच्या पंपातली फट इतकी बारीक असते की तिथं चरा पडला तर दुरुस्ती नव्हे, बदलीच करावी लागते.

फिल्टर चोंदत आला की ट्रॅक्टर सांगतो, ऐकणारा हवा. सकाळी थंड असताना पंप कण्हतो, लिफ्ट हिसके देत उठते, तापल्यावर आवाज कमी होतो. पंपाला ऑइल ओढता येत नाही, त्याची ती धडपड असते.

ऑइल काढलं की ड्रेन प्लगवरचं किंवा गाळणीजवळचं चुंबक बघा. त्याच्यावर करडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असणारच. ती रोजची झीज. नखानं उचलता येईल असा तुकडा किंवा चकचकीत पापुद्रा मिळाला तर नवं ऑइल ओतण्याआधी मेकॅनिकला दाखवा.

पातळी बघताना लिफ्टचे हात पूर्ण खाली असायला हवेत, नाहीतर सिलिंडरमध्ये गेलेलं ऑइल पट्टीवर कमी दिसतं आणि आपण जास्त भरून बसतो. नवं ऑइल भरल्यावर इंजिन सुरू करून लिफ्ट दोन-तीनदा वर-खाली करा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना फिरवा, बंद करा आणि पुन्हा बघा. फिल्टर आणि पाइप भरले की पातळी उतरते.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या ट्रॅक्टरांत पुढच्या ॲक्सलमध्ये वेगळं ऑइल असतं, कधी चाकांजवळच्या घरांतही निराळं. ते कोणालाच आठवत नाही. तक्त्यातली ती ओळ शोधा आणि लेव्हल प्लग उघडून बोट घाला, एवढंच.

डिझेल आणि तळातला थेंब

पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाला बसतं. फिल्टरखाली काचेची किंवा प्लॅस्टिकची वाटी असेल तर तिच्यात ते वेगळं थर करून दिसतं. खालचा स्क्रू सैल करून सोडून द्या. टाकी संध्याकाळीच भरून ठेवली तर रात्री आत हवेला जागा उरत नाही आणि थेंब धरत नाहीत. इंजेक्शन पंपाला वंगण डिझेलचंच असतं. त्याचे भाग काही मायक्रॉनच्या फटीवर बसवलेले असतात (माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा), त्यामुळं पाणी किंवा धूळ तिथं लगेच नडते. म्हणूनच नवा फिल्टर बसवताना कॅनमधलं डिझेल मधल्या भोकातून ओतून भरू नये. ती गाळलेली, स्वच्छ बाजू असते.

फिल्टर बदलल्यावर ट्रॅक्टर सुरू होत नाही याचं कारण हवा. इंजिनात डिझेल फवारणारं नोझल उघडायला शंभर बारच्या वर दाब लागतो. डिझेल दाबलं जात नाही म्हणून दाब पुढं पोचतो. हवा दाबली जाते म्हणून पंपाचा सगळा जोर बुडबुडा आवळण्यातच जातो. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून, हातपंप असेल तर तो मारत, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत थांबा. नुसता स्टार्टर मारत बसलात तर बॅटरी उतरेल आणि स्टार्टर तापेल. इंजिन सुरू असताना दाबाच्या पाइपांशी खेळ नको. तिथली बारीक चिळकांडी कातडीत शिरते आणि ती जखम साधी नसते, तडक दवाखाना गाठावा लागतो.

रेडिएटर: पाण्यात काय घालतो ते महत्त्वाचं

नुसतं पाणी गंजवतं आणि जड पाण्याचे क्षार आत थर धरतात. निव्वळ कूलंट उष्णता कमी वाहून नेतं. म्हणून सहसा निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. हिरवं, लाल, निळं यावरून जात ओळखू नका, रंगाचा कुठलाही ठरलेला नियम नाही. दोन जाती मिसळल्या तर त्यांची गंजरोधक रसायनं एकमेकांना मारक ठरू शकतात.

रेडिएटरचं झाकण पाणी दाबाखाली ठेवतं. हवेपेक्षा ०.९ बार जास्त दाब असेल तर साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडलं की दाब क्षणात जातो आणि ११० अंशांवर शांत असलेलं पाणी एकदम उसळून तोंडावर येतं. थांबायचं, दुसरा उपाय नाही. बाहेरच्या जाळीतला भुसा-धूळ पंख्याच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला हळू हवेनं काढा. जोरात मारलेल्या पाण्यानं पाती दुमडतात.

"हे सगळं कंपन्यांचं विक्रीचं गणित नाही का?"

थोडं आहे. कंपनीच्या नावाचंच ऑइल हवं असं यंत्राला वाटत नाही. पुस्तकातला दर्जा ज्या डब्यावर आहे तो चालतो. ऑइलात वरून घालायच्या चमत्कारी बाटल्या तर मी कधीच घेत नाही. पण अंतर वाढवायचं असेल तर अंदाजानं नको. वापरलेल्या ऑइलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेता येतो: त्यात लोखंड, तांबं, सिलिकॉन, पाणी किती ते कळतं. सिलिकॉन जास्त म्हणजे धूळ, म्हणजे पुन्हा तो एअर क्लीनरचा पाइप.

हमीच्या काळात बिलं आणि तासांची नोंद ठेवा. नोंदवहीपेक्षा सोपं: फिल्टर बसवला की त्याच्या अंगावरच मार्करनं मीटरचा आकडा आणि तारीख लिहा. वही हरवते, फिल्टर हरवत नाही.

काढलेलं ऑइल

वापरलेल्या इंजिन ऑइलात कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं असतात, म्हणून हातमोजे घाला आणि कातडीवर लागलं तर साबणानं धुवा. कुंपणाच्या खांबांना फासणं, गवत मारायला ओतणं, चुलीत जाळणं हे तिन्ही प्रकार सर्रास चालतात. तिन्हींत ते माती, पाणी किंवा श्वासाकडं परत येतं. फिल्टर रात्रभर उपडा ठेवून निथळू द्या, ऑइल झाकणाच्या डब्यात भरा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडं द्या. त्यात कूलंट किंवा डिझेल मिसळू नका, नाहीतर त्याच्यावर पुन्हा प्रक्रिया करणं अवघड होतं. कूलंट तर वेगळ्याच डब्यात, बूच घट्ट लावून आणि वर ठळक अक्षरांत नाव लिहून ठेवा. त्यातलं ग्लायकोल चवीला गोड असतं आणि घोटभरही कुत्र्या-मांजराचा जीव घ्यायला पुरतं.